कुठवर येऊ?

प्रज्ञाताई पहिल्यांदा आमच्या छापखान्यात आली, ती उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "कुठवर येऊ?"

नारायणगावातला हा छापखाना माझ्या वडिलांच्या वेळचा. त्या दारातून निवडून आलेली माणसं आली, पडलेली आली, नवरदेवांचे रुसलेले मामा आले. एकदा बाजाराच्या दिवशी कुणाचा तरी खोंड सुटला, तो थेट कटिंग मशीनपर्यंत गेला, वळला आणि कशालाही धक्का न लावता परत गेला. पण आत येण्याआधी कुणी काही विचारलंय, असं कधी घडलं नव्हतं. मी म्हणालो, "या की आत."

"आत म्हणजे? बाकड्यापर्यंत, टेबलापर्यंत, का मशीनपर्यंत?"

"टेबलापर्यंत या."

ती टेबलापर्यंत आली आणि अशी थांबली, जणू पुढे कुणी चुन्याची रेघ मारली आहे. समोर खुर्ची रिकामी, पण बसेना. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी बसायलाही सांगितलं. त्यानंतर तीन-चार वर्षं ती आमच्याकडे होती. रोज सकाळी दारात उभी राहून हाच प्रश्न. बँकेत तेच, माहेरी तेच. एकदा दाढ दुखत होती म्हणून मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "आ करा." ही म्हणाली, "कुठवर?" डॉक्टरांनी त्या दिवशी माझीच दाढ तपासली.

आता तिला बोलावलं कशाला होतं, ते सांगतो. त्यासाठी आमच्याकडची लग्नपत्रिका माहीत पाहिजे. जुन्नर-आंबेगावात पत्रिका म्हणजे लग्नाचं निमंत्रण असा ज्याचा समज असेल, तो परगावचा. वधू-वरांची नावं तिच्यात आपली सोय म्हणून असतात. पत्रिका छापायची ती बाकीच्यांच्या नावांसाठी. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आशीर्वाद, विशेष उपस्थिती, आणि सगळ्यात खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी चिमुकली मंडळी, ज्यांतल्या निम्म्यांना अजून बोलता येत नसतं. नाव वर आहे की खाली, ठळक आहे की बारीक, यावरून चुलते वर्षानुवर्षं एकमेकांच्या बांधावरून जात नाहीत.

मी छापलेली एक पत्रिका एका पाव्हण्याने बाजारात उलगडायला घेतली, ती पुरती उलगडेपर्यंत बाजार उठला. दुसरीला एसटीच्या कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं. आणि एका पत्रिकेत सगळ्यांची नावं बसवता बसवता नवरदेवाचंच राहून गेलं. ते आम्ही नंतर रबरी शिक्का करून मारलं. शिक्का अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बघायला मागू नका, एवढंच.

नव्वद सालच्या आसपास हे सगळं आम्ही शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून करायचो. तेव्हा नाव वाढवायचं तर माणसाला छापखान्यात यावं लागायचं, आणि आमचा कंपोझिटर इतका खवट होता की येणारा वाढवायचं नाव विसरून जायचा. पुढे कॉम्प्युटर आला. गावोगावच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी तो घेतला, पत्रिका तेच जुळवू लागले आणि पेनड्राइव्हवर घालून कंडक्टरच्या हाती आमच्याकडे पाठवू लागले. पिंपळवंडीचा पेनड्राइव्ह तासाभरात यायचा. डिंभ्याची एसटी मात्र धरणातल्या पाण्यासारखी, सोडली तर सुटायची. तिकडच्या एका लग्नाची पत्रिका आणि त्याच घरातल्या बारशाची पत्रिका मला एकाच पेनड्राइव्हवर मिळाली आहे. दोन्ही छापून दिल्या, एकात एक घालून.

म्हणून मी सर्व्हर घेतला. दोन हजारचं दशक तेव्हा सरत आलं होतं आणि गावांत ब्रॉडबँड पोचलं होतं. सर्व्हर म्हणजे कधीही बंद न करायचा एक कॉम्प्युटर. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी आपापल्या खुर्चीत बसून त्याच्यात पत्रिकांच्या फायली टाकायच्या, आम्ही इथे काढून छापायच्या. बसवायला आलेला पुण्याचा माणूस म्हणाला, "प्रत्येकाचं खातं वेगळं करू." मी म्हणालो, "कशाला? सगळी आपलीच माणसं आहेत." सगळ्यांना एकच खातं, एकच पासवर्ड. पासवर्ड म्हणजे छापखान्याचं नाव, जे बाहेर पाटीवर लिहिलेलंच होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. पिंपळवंडीच्या पत्रिकेत डिंगोऱ्यातून नाव वाढायला लागलं. डिंभ्याची पत्रिका डिंगोऱ्यात उघडायची. एखाद्याला स्वतःच्या गावच्या स्टुडिओवाल्याने नकार दिला, की तो मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावी जायचा. "एकच बारीक नाव हाय राव, मेहुण्याचं." मेव्हण्याला कोण नाही म्हणणार? पत्रिका सर्व्हरमध्ये पडल्या पडल्या अंगाने भरायच्या. सोमवारी एक पानी असलेली पत्रिका गुरुवारी पुस्तक होऊन निघायची.

तेव्हा कुणीतरी प्रज्ञाताईचं नाव सुचवलं. ती डिंगोऱ्याची. पुण्याच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करायची. नवरा शिक्षक, त्याची बदली डिंभ्याच्या पलीकडच्या शाळेवर झाली म्हणून ती परत इकडे आली होती. स्वतःच्या हुशारीबद्दल तिला कसलाही संकोच नव्हता. "मालक, या दोन तालुक्यांत हे काम येणारी मी एकटी आहे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "आणि तिसऱ्या तालुक्याचं मी अजून बघितलेलं नाही."

तिने सर्व्हर उघडला, बघितला आणि चष्मा काढून पुसला. "मालक, हा सर्व्हर नाही. हा एसटी स्टँडवरचा नळ आहे. येईल तो सोडतो, बंद कुणी करत नाही. सगळ्यांना सात-सात-सात देऊन ठेवलंय."

हा सात म्हणजे तिचं खास प्रकरण. सर्व्हरमधल्या प्रत्येक फोल्डरवर, कुणाला काय करता येईल त्याचा आकडा असतो म्हणे. ती बोटांवर मोजत सांगायची: "सात म्हणजे बघा, आत या, पाहिजे ते बदला. पाच म्हणजे बघा, आत या, पण कशाला हात लावू नका. चार म्हणजे दारातनंच बघा. शून्य म्हणजे घरी जा." हळूहळू तिने सगळ्या गावालाच आकडे वाटले. आमचा चहावाला पाच: आत येतो, कप ठेवतो, कप नेतो, बोलत नाही. समोरचा टेलर चार, दिवसभर आमच्या दाराकडे बघत बसायचा. सासूबाई सात. "आणि मिस्टर?" मी विचारलं. "सुट्टीत सात, शाळा चालू असली की पाच," ती म्हणाली. मी किती, ते मात्र विचारलं नाही. मालक म्हणजे सातच की.

तिचं म्हणणं होतं, प्रत्येक स्टुडिओला वेगळं खातं, वेगळी खोली आणि खोलीला दार. फायली पाठवायच्या त्या एसएफटीपी नावाच्या कडीकुलपाच्या वाटेने. मी ऐकेना. "ताई, आपल्यात असं चालत नाही. उद्या कुणी म्हणेल, शेठनं दार लावून घेतलं."

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही, ही खरी अडचण आहे."

"आमच्या खानदानात कुणालाच येत नाही," मी अभिमानाने सांगितलं.

मग एका दुपारी पिंपळवंडीच्या कमलकाकू आल्या. मुलगी वैशाली पाळण्यात असताना नवरा गेला, तेव्हापासून या बाईने एकटीने शेत केलं. तिच्या टोमॅटोच्या क्रेटवर व्यापारी डोळे झाकून बोली लावायचे. त्याच वैशालीचं लग्न ठरलं होतं. येत्या सोमवारी पत्रिका छापायची होती, कारण मंगळवारी पहिली पत्रिका ग्रामदैवतापुढे ठेवायची होती. काकूंनी पदराखालून नमुन्याची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली.

"शेठ, यात माजं नाव शोधून दावा."

मी वरून सुरुवात केली. निमंत्रकांत पहिलं नाव आबांचं, म्हणजे काकूंच्या थोरल्या दिरांचं. त्याखाली त्यांची मुलं, मग चुलत दीर, मग चुलतांचे चुलत. निमंत्रक संपले. प्रेषक संपले. आशीर्वादात नाही, व्यवस्थेत नाही. माझं बोट घसरत घसरत पार तळाला गेलं आणि एकदाचं सापडलं. "काकू, हे काय, आहे की," मी आनंदाने म्हणालो. मग वाचलं, तेव्हा माझंच तोंड उतरलं. नाव होतं चिमुकल्या मंडळींत, चि. ओंकार आणि कु. साक्षी यांच्या मधोमध.

"म्या काय वैशालीची भाची हाय का शेठ?" काकू म्हणाल्या. "माज्या पोरीच्या लग्नाला 'यायचं हं' असं मीच म्हनू व्हय?"

त्यांनी मुळात गावच्या स्टुडिओत स्वतःचं नाव निमंत्रकांत सगळ्यांत वर घालायला सांगितलं होतं. स्टुडिओवाल्याने घातलंही होतं. प्रज्ञाताईने सर्व्हरमधल्या जुन्या प्रती काढून दाखवल्या. कुणी काकूंचं नाव खोडलं नव्हतं. जो तो फक्त आपलं नाव त्यांच्या नावाच्या वर ठेवून गेला होता. कुणी पिंपळवंडीतून, कुणी डिंगोऱ्यातून, आणि एक महाभाग थेट डिंभ्याला जाऊन. प्रत्येकाने एकच ओळ सरकवली होती. एवढ्या भावकीने एक-एक ओळ सरकवल्यावर माणूस चिमुकल्यांतच पोचणार.

"बाप गेल्यावर पोरीला कुनी वाढीवली, ते एकदा छापून दिसू द्या," काकू म्हणाल्या. "मला दुसरं काय न्हाई पायजे. लगीन एकदाच व्हनार हाय."

त्या गेल्यावर मी प्रज्ञाताईला म्हणालो, "लावा दारं."

पण इथेही मी एक शहाणपणा केलाच. माझं म्हणणं, ज्याला खोली द्यायची त्याच्या नावावरच ती करून टाकू, पार चौकटीसकट. देणाऱ्याने हात आखडू नये. ती म्हणाली, "तसं केलं तर चालणार नाही." मी म्हणालो, "न चालायला काय झालं? मालक मी आहे." ती म्हणाली, "बरं. करूनच दाखवते." अर्ध्या तासात सगळ्या स्टुडिओवाल्यांचे फोन सुरू झाले. कुणालाच आत जाता येईना. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, आणि सर्व्हर लाथ मारल्यासारखा बाहेर ढकलतोय. संध्याकाळपर्यंत दारात इतक्या जीपगाड्या लागल्या की जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, मी गेलो. दोघं जण हार घेऊनही आले होते. ते हार मी ठेवून घेतले.

"बघितलंत?" ती म्हणाली. "बाहेरची चौकट राहणाऱ्याच्या नावावर असली, की हे मशीन दारच उघडत नाही. त्याला वाटतं, आज चौकट याची आहे, उद्या हा चौकट उपसून शेजारच्याच्या खोलीत शिरेल. म्हणून चौकट रूटच्या नावावर ठेवायची. आतली जागा राहणाऱ्याची. तिथे त्याने काय पाहिजे तो गोंधळ घालावा."

रूट म्हणजे त्या मशीनमधला सगळ्यात थोरला. त्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. तिने चौकटी रूटच्या नावावर केल्या आणि दारं उघडली. आता पिंपळवंडीवाला आत आला की त्याला फक्त पिंपळवंडीची खोली दिसायची. बाकी सर्व्हर आहे, याचाही त्याला पत्ता नसायचा. गंमत म्हणजे कुणी तक्रार केली नाही. आपल्याला सगळं दिसतंय, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

वैशालीच्या पत्रिकेला तिने स्वतंत्र खोली केली, पत्रिकेत नावांची जागा कोरी ठेवली आणि ती खोली काकूंना दिली. काकूंना बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं. "ही तुमची खोली. इथं तुमच्याशिवाय कुणालाही लिहिता येणार नाही. लिहा." काकूंनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत, टोमॅटो निवडल्यासारखं पारखून घेत, निमंत्रकांत पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं: श्रीमती कमल. मग त्या बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. आम्ही त्या दिवशी यंत्रं थोडी उशिराच सुरू केली.

त्याच दिवशी चहा पिताना मी ताईला विचारलं, हे 'कुठवर येऊ' तुम्ही शिकलात कुठे. ती म्हणाली, "माझ्या आजीला डिंगोऱ्यात कुणाच्या घरी कुठवर जायचं ते पाठ होतं. या घरी पायरी, त्या घरी अंगण. सांगायला लागायचं नाही कुणाला. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, तरी काही घरांत ते न बोलता तसंच चालू राहिलं. मग मी ठरवलं, आपण विचारायचं. गप थांबलं की समोरच्याचं बरं चालतं. विचारलं, की त्याला तोंडाने सांगावं लागतं. लई जणांची पंचाईत होते मालक. बघायला मजा येते." आणि ती खरोखरच हसली, बशीतला चहा सांडेपर्यंत.

शनिवारी आबा आले. आबा म्हणजे पिंपळवंडीतलं वजनदार माणूस, आणि हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतो. ते जीपमधून उतरले की जीप वीतभर उंच व्हायची. बरोबर भावकीतली मंडळी. सगळे बाकड्यावर बसले तेव्हा बाकडं कण्हलं.

"शेठ, एक बारीकसं काम व्हतं."

"बोला की आबा."

"त्या पत्रिकंत धाकटीचं नाव पयलं पडलंय म्हनं. तेवढं खाली घ्या आन माजं वर ठिवा. आवो, थोरला जित्ता असताना बाईचं नाव वर? लोक म्हनत्याल, आबा गेला का काय."

आता मघाशी सांगितलं तेच. आमच्या खानदानात कुणालाच ते येत नाही. मला काकूंचं म्हणणं पटलेलं होतं, मनातून मी काकूंच्या बाजूने होतो, आणि हात मात्र आपोआप माउसकडे गेला. मी चहा सांगितला आणि पत्रिका उघडली. उघडली. आबांना दिसली. मी पहिल्या ओळीवर गेलो, काकूंचं नाव उचललं, खाली ठेवलं, आबांचं वर लिहिलं, आणि जतन करायला गेलो, तर पडद्यावर पाटी: परवानगी नाही.

पुन्हा केलं. परवानगी नाही. माउस बदलून बघितला. परवानगी नाही.

"मालक तुमीच ना?" आबांनी विचारलं.

"मीच."

"मंग?"

मला दरदरून घाम फुटला. घामातून एक सुटका सुचली. "आबा, काय आहे, चौकट रूटच्या नावावर आहे. रूटची परवानगी लागते."

"हे रूट कोन? कुठल्या गावचं? आपल्या वळखीतलं कुनी आसंल, लावा फोन."

तेवढ्यात आतल्या दाराशी प्रज्ञाताई उभी राहिली. "मालक, कुठवर येऊ?"

"या बाई," मी म्हणालो, "पार इथवर या."

ती आबांच्या समोर येऊन उभी राहिली. "रूट मीच आहे, आबा."

आबांनी तिला नीट न्याहाळलं. "कुठली गं तू?"

"डिंगोऱ्याची. सोनवण्यांची. माझे वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरायचे. तुमची पण भरलीय."

"तू आमच्या सोनवने मिस्त्रीची?" आबांचा आवाज एकदम खाली आला. "लई चांगला हात व्हता त्येचा. त्येनं भरलेली मोटर अजून वढतीय."

"मोटर ते तुमच्या ओट्याखाली बसून भरायचे. मला आठवतंय, मी पाना धरायला असायचे."

मी चहाच्या कपात बघत होतो. कप रिकामा होता.

ताईच हसून म्हणाली, "ते असू दे आबा, चहा घ्या. तुमचं काम अडलेलं नाही. त्या पत्रिकेत लिहायची परवानगी एका माणसाला आहे. कमलकाकूंना. त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर त्याच लिहितील."

"म्या? धाकटीला इचारू?" आबांना ही कल्पनाच नवी होती. "तिच्या लग्नापासून म्या तिला कंदी काय इचारलं न्हाई."

"मी रोज कुणाला ना कुणाला विचारते. काही झडलं नाही अजून."

"आन न्हाई म्हनली तर?"

"तर नाही म्हणाली."

आबा उठले. बाकडं सुटल्यासारखं वर आलं. दारापर्यंत जाऊन ते थांबले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शेठ, तुमी नावाचंच मालक हाय राव." त्यावर मला उत्तर सुचलं ते मंगळवारी.

मंडळी गेल्यावर मी ताईवर चढलो. "मला किती आकडा दिलाय तुम्ही?"

"पाच."

"मालकाला पाच? माझ्याच मशीनवर मी पाच?"

"मालक, तुम्ही मनाने सात आहात," ती म्हणाली, "म्हणूनच पाच दिलाय. आज तुम्ही सात असता, तर काकू परत चिमुकल्यांत गेल्या असत्या."

मी दोन तास रुसलो. तिसऱ्या तासाला लक्षात आलं की आज आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक 'नाही' निघालंय, आणि मी जिवंत आहे. माझ्या वडिलांना हे मशीन मिळायला हवं होतं. त्यांनी नाही म्हणता येत नाही म्हणून एकदा हत्ती सांभाळायला घेतला होता. पण ती गोष्ट मोठी आहे.

रविवारी कमलकाकू छापखान्यात आल्या. रविवारी आम्ही बंद असतो, पण त्या दिवशी मी आणि ताई दोघंही सहज म्हणून येऊन बसलो होतो. काकू खुर्चीत बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "काल सांजच्याला आबा आलं. आमचा वाटा झाल्यापून ते घरी येत्यात, ते सरळ आत येऊन खाटंवर बसत्यात. काल दारात हुबं राह्यलं. म्हनलं, धाकटे, माजं नाव पत्रिकंत घालशील का."

"मग?"

"मंग काय. आजवर कुनी मला कशाला इचारलं न्हवतं. इचारल्यावर न्हाई कशी म्हनू?" आणि त्यांनी एका बोटाने आपल्या नावाच्या खाली, दुसऱ्या ओळीवर, आबांचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर थोडा विचार केला आणि ताईला म्हणाल्या, "ते जाड कसं करत्यात? आबांचं जाड कर. थोरले हायेत." ताईने हात पुढे केला नाही, फक्त बटण दाखवलं. दाबलं काकूंनीच.

सोमवारी पत्रिका छापली. माझ्या हयातीत एवढी आटोपशीर पत्रिका या छापखान्यातून निघालेली नाही. दोन्ही हातांत धरून वाचता येत होती. जिथे जाईल तिथे लोक उलटून बघायचे, उरलेली कुठे आहे म्हणून.

लग्नाला आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. पिंपळवंडीत मांडव असा की त्याच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला संध्याकाळ. काकूंच्या घराच्या दारात आबा फेटा बांधून उभे, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. मी पुढे होऊन आत घुसलो, सवयीप्रमाणे. प्रज्ञाताई उंबऱ्याशी थांबली, आणि मला वाटलं होतं तसंच झालं.

"आबा," ती म्हणाली, "कुठवर येऊ?"

आबांच्या मागेपुढे सगळी भावकी. जोडलेले हात तसेच राहिले. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे बरंच काही आलं आणि गेलं. मग ते बाजूला सरले आणि आत मान वळवून मोठ्याने म्हणाले, "कमल, ही मिस्त्रीची पोरगी इचारतीय, कुठवर येऊ. घर तुजं हाय. तूच सांग."

आतून, कढईच्या आवाजावरून, काकूंचा आवाज आला. "तिला म्हनावं, चुलीपतोर ये. आन हात धुऊनच ये, पुऱ्या लाटायच्या ऱ्हायल्यात."

प्रज्ञाताईने चपला काढल्या आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने किती पुऱ्या लाटल्या, ते सांगून उपयोग नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. पंक्तीत आबांना वाढायलाही तीच आली. आबांनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बास. पाच झाल्या." ताई म्हणाली, "सात घ्या आबा." ही गंमत सबंध मांडवात फक्त मला कळली, आणि मला ठसका लागला.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली पुण्याकडे झाली आणि तिला तिथल्या एका कंपनीने बोलावलं. शेवटच्या दिवशी ती रूटचा पासवर्ड सांगायला माझ्या टेबलापाशी आली. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला सांगू नका. मला कळला की आठवड्याच्या आत दोन्ही तालुक्यांना कळेल." तो तिने आमच्याकडे नव्याने आलेल्या ऑपरेटर मुलीला सांगितला, आणि मी पाचवरच राहिलो. आजही आहे. नाव वर घ्या म्हणून कुणी आलं की मी त्याला चहा पाजतो, पडद्यावरची पाटी दाखवतो, दोघं मिळून हळहळतो, आणि तो उठून ज्याला विचारायला पाहिजे त्याला विचारायला जातो.

ती गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी पुण्यात तिच्या घरी गेलो. हातात पिशवी, पिशवीत काकूंनी दिलेले टोमॅटो आणि आबांनी आठवणीने पाठवलेली द्राक्षं. बेल वाजवली. तिने दार उघडलं. नेहमीचा मी असतो तर तोपर्यंत तिच्या सोफ्यावर बसून पाणी मागितलं असतं. पण त्या उंबऱ्याशी माझे पाय आपले आपणच थांबले.

"ताई," मी म्हणालो, "कुठवर येऊ?"

तिने माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

"सात," ती म्हणाली.